विंडोज १० गेलं, पण लॅपटॉप अजून चांगला आहे

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरताहेत, विंडोज १० चा सपोर्ट संपला त्याभोवती, आणि त्याला धरूनच लिनक्स (विंडोजच्या जागी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम), मराठी टायपिंग, सुरक्षितता असे प्रश्न आलेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. एक आधीच सांगतो, मी बरीच वर्षं लिनक्सच वापरतो आणि ते मला मनापासून आवडतं, तेव्हा माझं मत त्या बाजूला झुकलेलं आहे हे धरूनच वाचा. पण जिथे लिनक्सने काम होणार नाही तिथे होणार नाही असंच लिहिलंय.

प्रश्न: मुलाने २०१६ साली घेऊन दिलेला लॅपटॉप आहे, आय-फाइव्ह सहाव्या पिढीचा, ४ जीबी रॅम. आता सारखं स्क्रीनवर येतं की विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि हा पीसी विंडोज ११ ला चालणार नाही. दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. मी लेख लिहिते, कीर्तनं ऐकते, लाईटबिल भरते, नातीशी व्हिडिओ कॉल करते. एवढ्यासाठी नवीन घ्यायचा का?
निवृत्त शिक्षिका, डिचोली

बाई, एवढ्यासाठी अजिबात घेऊ नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला म्हणजे लॅपटॉप बंद पडला असं नाही, काल चालत होता तसाच उद्याही चालेल, फक्त सुरक्षेतली नवी भोकं सापडली की ती बुजवणारे अपडेट येत होते ते थांबले. दर मे महिन्यात येऊन कौलं शाकारणारा माणूस यायचा बंद झाला तर घर लगेच पडत नाही, पण कुठे ना कुठे गळायला लागणारच, आणि तुम्ही त्यावरून पैसे भरता म्हणजे गळकं ठेवून चालणार नाही.

तो मेसेज खोटा नाही. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, तुमचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. थोडी मुदत हवी असेल तर मायक्रोसॉफ्टने घरच्या वापरासाठी जादा सुरक्षा अपडेटची एक योजना ठेवलीय, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे न भरता मिळते. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची लिंक दिसेल. पण ती मुदत आहे, उपाय नव्हे.

उपाय म्हणून मी लिनक्स मिंट सांगेन, लिनक्सचे बरेच प्रकार आहेत त्यातला हा एक, दिसायला विंडोजसारखाच. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, घड्याळ उजवीकडे, फायलींचे फोल्डर तसेच पिवळे नाहीत एवढंच. साखळीला माझ्या मावशीच्या लॅपटॉपवर मी हेच घातलं, तिने पहिल्या दिवशी फक्त एकच विचारलं की कीर्तनं कुठे गेली, ती दाखवली आणि त्यानंतर तिचा त्याबद्दल फोन नाही. मिंटला कमीत कमी २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर बरं असं तेच लोक सांगतात, म्हणजे तुमचा लॅपटॉप बसतोय. त्यातही एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

आणि इथे सगळ्यात महत्त्वाचं, ते आधी लॅपटॉपमध्ये घालायचंच नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, कुणा शिकलेल्या पोराकडून त्यावर मिंट चढवून घ्या, लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून चालू करा आणि तासभर वापरून बघा, वायफाय लागतं का, कॅमेऱ्यात तोंड दिसतं का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का. यात आतल्या विंडोजला हातही लागत नाही. पेनड्राइव्हवरून जरा हळू चालतं, त्याने घाबरू नका. सगळं ठीक वाटलं तर मगच, आणि त्याआधी फोटो आणि लेख बाहेरच्या डिस्कवर काढून, ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून खरंच उघडतात हे डोळ्यांनी बघून, मग आत घाला. हा क्रम मोडू नका. लोकांचे फोटो जातात ते लिनक्समुळे नाही, घाईमुळे जातात.

जमलं तर जुनी फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी (आत काही न फिरणारी वेगवान डिस्क) घालून घ्या. दहा वर्षांच्या लॅपटॉपला याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

प्रश्न: मी देवस्थान समितीच्या ऑफिसात हिशेबाचं काम बघतो. लिनक्स घ्यावं असा विषय सभेत निघाला तेव्हा एक सभासद म्हणाले, ज्याचा कोड सगळ्या जगाला दिसतो तो चोरालाही दिसणार, आणि २०२४ मध्ये लिनक्समध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवल्याची बातमी होतीच की. त्यांना काय उत्तर द्यायचं?
वाचक, फोंडा

त्यांना पहिलं उत्तर हे द्या की बातमी खरी होती. मला ही गोष्ट पूर्ण सांगायचीय कारण ओपन सोर्सचं, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो अशा सॉफ्टवेअरचं, बळ आणि त्याचं दुखणं दोन्ही त्यात आहे.

एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करायचं छोटं सॉफ्टवेअर आहे, नाव कुणाला माहीत नसतं पण जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते कितीतरी वर्षं मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, लासे कॉलिन, फिनलंडचा, फुकट, आपल्या फावल्या वेळात. तो थकलेला होता, तसं त्याने मोकळेपणी लिहिलंही होतं. अशात जिया टॅन नावाने कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं चांगलं काम करून दिलं, आणि त्याच काळात दुसऱ्या काही नावांनी लोक लासेच्या मागे लागले की तुला होत नाही तर दुसऱ्याच्या हाती दे. शेवटी जिया टॅनच्या हाती किल्ल्या आल्या. मग २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ अशा दोन आवृत्त्या निघाल्या, त्यांत चोरदरवाजा होता, आणि तो दडवला होता कुठे, तर चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींत, ज्या कुणी उघडून वाचत नाही.

तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाचा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा इंजिनिअर, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये, त्याला दिसलं की त्याच्या डेबियन (हाही लिनक्सचाच एक प्रकार) मशिनवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तुम्ही-आम्ही नेट स्लो आहे म्हणून सोडून दिलं असतं. त्याने सोडलं नाही, खणत खणत मुळापर्यंत गेला आणि २९ मार्च २०२४ ला सगळ्या जगाला उघड सांगितलं. तोपर्यंत तो माल मुख्यतः चाचणीच्या आणि सतत नवं घेत राहणाऱ्या आवृत्त्यांत पोचला होता, लोक रोज वापरतात त्या डेबियनच्या किंवा उबुंटूच्या पक्क्या आवृत्तीत गेला नव्हता.

आता तुमच्या सभासदांना त्यांच्याच भाषेत सांगा. देवस्थानचा हिशेब महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या सभासदांच्या, सभेत उघडा ठेवतात. शंभरातले नव्वद महाजन तो वाचत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे, पण वही उघडी असते म्हणून ज्याला शंका आली त्याला पान उलटून बघता येतं. वही कपाटात कुलूप लावून ठेवली तर चोरी होत नाही असं थोडंच आहे, झालेली कळत नाही एवढंच. फ्रॉइंड शेवटपर्यंत पोचू शकला कारण त्याला पान उलटता आलं. पण नुसती वही उघडी ठेवून भागत नाही हेही तितकंच खरं, वर्षानुवर्षं एकाच म्हाताऱ्या कारकुनावर सगळा भार टाकला आणि त्याला कधी विचारलंही नाही तर कधीतरी कुणी गोड बोलून किल्ल्या घेऊन जाणारच. सगळं जग ज्याच्यावर चालतं ते एका दमलेल्या माणसावर सोडून दिलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या कामाचं म्हणाल तर समितीचा हिशेब टॅलीवर असेल तर तो एक कॉम्प्युटर विंडोजवरच ठेवा, टॅली विंडोजसाठीच बनवलंय, आणि तो विंडोज ११ चा असू दे. पावत्या, पत्रव्यवहार, उत्सवाच्या याद्या, अभिषेकाची नोंदणी यासाठीच्या बाकी मशिनवर मिंट आणि लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर) खुशाल घाला.

प्रश्न: माझा छोटा छापखाना आहे, लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, नाटकाच्या जाहिराती. सगळं पेजमेकर आणि जुन्या मराठी फाँटवर. मुलगा म्हणतो लिनक्सवर जाऊया. वीस वर्षांच्या फायली आहेत, त्यांचं काय होणार?
वाचक, म्हापसा

काका, तुमचा प्रश्न लिनक्सचा नाहीच, फाँटचा आहे, आणि तो विंडोज ११ वर गेलात तरी राहणारच. पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ सालची, त्याला युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, कळत नाही. त्या काळच्या मराठी फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले, म्हणजे फायलीत खरं तर इंग्रजी अक्षरं पडलेली आहेत आणि फाँटच्या चष्म्यातून ती मराठी दिसताहेत. चष्मा काढला की नुसता गोंधळ. म्हणून तुमच्या फायलीतला मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला की वाचता येत नाही, शोधायला गेलं तर सापडत नाही.

म्हणून सांगतो, जुन्या फायलींसाठी जुनं विंडोजचं मशिन तसंच ठेवा, इंटरनेटची वायर काढून, पेनड्राइव्हही जपून, आणि त्याची अख्खी डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा कारण आपल्या पावसाळ्यात दमटपणाने आणि वीज गेल्या-आल्याने डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. जिथे जमेल तिथे तयार कामाच्या पीडीएफ काढून ठेवा. नवं काम मात्र आजपासून युनिकोडमध्ये. मुक्ता, नोटो सान्स देवनागरी असे चांगले फाँट मोफत आहेत, लग्नपत्रिकेला लागतात तशी वळणदार अक्षरं कमी आहेत हे कबूल, पण वाढताहेत. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी कन्व्हर्टर मिळतात, त्यातून आलेलं दोनदा वाचा, रफार आणि जोडाक्षरं तिथेच मार खातात, आणि पत्रिकेत नवऱ्यामुलाचं नाव चुकलं तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

लिनक्सवर पानं लावायला स्क्रायबस आहे, आधी त्यात देवनागरी मोडकी दिसायची, मात्रा सुट्या पडायच्या, आता १.६ या २०२४ च्या आवृत्तीत नीट जुळते. छपाईसाठी चार रंगांची पीडीएफ त्यातून निघते. इंकस्केप जाहिरातींना उत्तम. गिंप फोटोंना ठीक, त्याची ३.० आवृत्ती २०२५ च्या मार्चमध्ये आली आणि ती खूपच सुधारलीय, पण चार रंगांचं काम अजून त्यात पूर्ण होत नाही. मुलाला सहा महिने एका मशिनवर हेच वापरून छोटी कामं करू दे, गिऱ्हाईक खोळंबू न देता. एकदम सगळं हलवू नका.

टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्डचा लेआउट शिकून घ्या, एकदा बोटांत बसलं की मराठी, कोंकणी, हिंदी तिन्हींना तेच चालतं. शिफ्ट दाबून एन म्हणजे ळ, शिफ्ट दाबून जे म्हणजे ऱ, त्या ऱ ला हलंत आणि पुढे य दिला की दऱ्या, वाऱ्या बरोबर उमटतात. ज्यांना इंग्रजी उच्चारानेच टाईप करायचंय त्यांच्यासाठी कागपा नावाचा फोनेटिक लेआउट लिनक्समध्ये आधीपासून असतोच, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडलं की दोन्ही दिसतील.

प्रश्न: इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मित्र म्हणतात आर्च लिनक्स घे, उबुंटू-मिंट नवशिक्यांचं. गेमही खेळतो. काय करू?
विद्यार्थी, काणकोण

मित्रांचं ऐकू नकोस. आर्च चांगलं आहे, त्यात प्रत्येक गोष्ट स्वतः बसवावी लागते म्हणून शिकायला मिळतं हे खरं, पण प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री अपडेट करून स्क्रीन काळी पडली तर मित्र दार उघडणार नाहीत. पहिलं वर्ष उबुंटू किंवा मिंट वापर, टर्मिनलमध्ये (हुकूम टाईप करून काम करायच्या खिडकीत) राहायला शीक, गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) शीक. १९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनस टोरवाल्ड्सने आपण एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय, फक्त हौस म्हणून, असं जाहीर केलं तेव्हा तो हेलसिंकीत शिकणारा २१ वर्षांचा मुलगाच होता, तुझ्याहून फार मोठा नव्हे, आणि आज तुझ्या खिशातल्या अँड्रॉइड फोनपासून जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरपर्यंत तेच कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आहे. गिटही त्यानेच २००५ मध्ये लिहिलं. आर्च नंतर घे, जुन्या मशिनवर, हवं तेवढं मोड आणि जोड.

गेमचं म्हणशील तर स्टीम या गेमच्या ऑनलाईन दुकानाने २०१८ मध्ये प्रोटॉन नावाची सोय आणल्यापासून विंडोजचे पुष्कळ गेम लिनक्सवर सरळ चालतात. व्हॅलोरंट चालत नाही, त्याचं चीट पकडणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर नाहीच, आणि त्यावर जुगाड शोधत बसू नकोस, अकाउंट जाईल. त्यासाठी दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी ठेव. फक्त एक कर, तुझा लॅपटॉप नवा आहे म्हणजे विंडोजने डिस्क स्वतःहून एन्क्रिप्ट केलेली असण्याची बरीच शक्यता आहे, तर काहीही हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या त्या डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की कागदावर लिहून घे. बायोसमध्ये जरा बदल केला की विंडोज ती मागतं आणि नसेल तर आतलं सगळं गेलं.

प्रश्न: वाळपईला भावाकडे जुनी छोटी नेटबुक आहे, ३२ बिटची. काही चालेल का त्यावर?

डेबियन १२ चालेल, हलका डेस्कटॉप घेऊन. डेबियन १३, जे ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, त्यात ३२ बिटसाठी इन्स्टॉलर नाही, आणि फायरफॉक्सनेही ३२ बिट लिनक्स सोडलंय. तेव्हा लिहायला, गाणी ऐकायला ठेवा, बँकेसाठी नको. खर्च करू नका त्यावर.

प्रश्न: जुलै २०२४ मध्ये जगभर कॉम्प्युटर निळे पडले, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले. सगळीकडे लिनक्स असतं तर हे झालं नसतं, बरोबर ना?
टॅक्सी व्यावसायिक, पेडणे

अर्धं बरोबर. १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक चुकीचं अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशिन आडवी झाली, आणि ती पुन्हा उभी करायला बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका मशिनपाशी जाऊन बसावं लागलं. त्या दिवशी लिनक्स आणि मॅक वाचले कारण ती फाईलच विंडोजसाठी होती. पण त्याआधी थोडेच महिने याच सॉफ्टवेअरने काही लिनक्स सर्व्हरही पाडले होते, त्याची एवढी बातमी झाली नाही इतकंच. म्हणजे दोष विंडोज की लिनक्स असा नव्हताच, बाहेरच्या एका सॉफ्टवेअरला सिस्टिमच्या अगदी गाभ्यात बसू दिलं आणि त्याचं अपडेट सगळ्यांवर एकाच वेळी सोडलं, घोळ तिथे झाला. लिनक्सवाल्यांनी अशा वेळी छाती फुगवली की मला पटत नाही, उद्या आपलीही पाळी येते.

प्रश्न: मी बी.ए. मराठीला आहे, प्रोग्रॅमिंग येत नाही. तुमच्या सदरातून लिनक्सबद्दल वाचून मदत करावीशी वाटते, पण माझ्यासारखीचा काय उपयोग?
विद्यार्थिनी, सत्तरी

बाय, तुझ्यासारख्यांचाच तर तुटवडा आहे. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, गनोम (लिनक्सचा एक डेस्कटॉप) ही सगळी मराठीत येतात ती कुणीतरी एकेक वाक्य बसून भाषांतर करतं म्हणून, आणि मराठीची कितीतरी वाक्यं अर्धवट आहेत किंवा अशी केलीत की वाचून कळत नाही, शब्दकोशातून उचलून ठेवलेली. तिथे कोड लिहिणारा नको, मराठी लिहिणारी हवी. 'सेव्ह'ला जतन म्हणायचं की साठवा की सेव्हच ठेवायचं, यावर वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत, पण आपल्याकडे डिचोलीत, सत्तरीत, पेडण्यात घरात मराठी बोलणारी माणसं काय म्हणतात हे त्या वादात सांगायला कुणी नसतं.

फायरफॉक्ससाठी पाँटून नावाची साईट आहे, लिब्रेऑफिससाठी वेबलेट, दोन्हीत ब्राउझरमध्येच डावीकडे इंग्रजी वाक्य दिसतं आणि उजवीकडे तू मराठी लिहायचंस, आधीचे अनुभवी लोक तपासून मग आत घेतात. लिहायचा कंटाळा आला तर मोझिलाचंच कॉमन व्हॉइस आहे, त्यात मराठी वाक्यं मोठ्याने वाचून आवाज द्यायचा, म्हणजे उद्या आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला पुण्या-मुंबईच्या मराठीबरोबर आपला हेलही कळेल. तुझ्या आजीलाही बसव, वाचता येत असेल तर.

वेबलेटवर अकाउंट काढ, लिब्रेऑफिस रायटरपासून सुरुवात कर कारण ते तू स्वतः वापरशील, आणि पहिली पन्नास वाक्यं झाली की सदराच्या पत्त्यावर पाठव, मी आणि वर लिहिणाऱ्या डिचोलीच्या बाई मिळून तपासून देऊ, त्यांना मी आजच विचारलंय आणि त्या हो म्हणाल्यात.